क्रिएटिनिन थोडंच वाढलंय म्हणून थांबू नका: किडनीच्या उपचारांतल्या या चुका टाळा

किडनी खराब होताना बहुतेक वेळा दुखत नाही. तिचं निम्मं काम थांबलं तरी माणूस सकाळची लोकल पकडतो, नीट जेवतो, लघवीही होत असते. पायांवर सूज येईपर्यंत, धाप लागेपर्यंत घरातलं कुणी हलत नाही. उपचारांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो नेमका याच काळात, आणि तोच हातचा जातो.

‘थोडंच वाढलंय, बघू पुढे’

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ. त्याचा नुसता आकडा फसवतो. १.२ हा आकडा पंचविशीतल्या तरुणाचा असेल, तर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाज, साधारण ८६ निघतो. तोच १.२ घरातल्या ६५ वर्षांच्या काकूंचा असेल, तर जेमतेम ५०. हा हिशोब वय आणि स्त्री-पुरुष पाहून करतात. रिपोर्टवर छापलेला नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर तो जुनाट किडनीविकार. ३० च्या खाली गेला असेल तर नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे किडनीविकारांच्या डॉक्टरांची भेट अजिबात लांबवू नका.

आणि लघवी तपासा. डायबेटीसमध्ये क्रिएटिनिन वाढायच्या बरंच आधी लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, जायला लागू शकतं. डायबेटीस किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करायलाच हवा.

मेडिकलमधून आणलेली गोळी

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. स्टेशनचे पूल चढून-उतरून गुडघे धरतात, मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पेनकिलर येते आणि ती महिनोन्‌महिने चालू राहते. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं किडनीला होणारा रक्तपुरवठा कमी करतात. जोडीला बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ‘पॅरासिटामॉल’च्या शेजारी अॅसिक्लोफिनॅकही लिहिलेलं असतं आणि ते नजरेतून सुटतं. नुसतं पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून, त्यामानाने बरं.

कुणीतरी सांगितलेली भस्मं आणि काढेही नकोत. काहींमध्ये शिसं, पारा सापडलेला आहे. किडनी अधू असताना स्टारफ्रूट तर तोंडात घालू नका. त्याने उचक्या, भ्रम, फिट्स येतात, जीवही गेलेले आहेत. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून तेही विचारल्याशिवाय नको. ‘भरपूर पाणी पी, किडनी धुतली जाईल’ हा सल्ला सूज असलेल्या माणसाला त्रासाचाच ठरतो.

बीपीची गोळी स्वतःहून बंद करणं

टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल सुरू केल्यावर क्रिएटिनिन जरा वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण पुढे हीच गोळी किडनी जपते. रिपोर्ट पाहून घाबरून ती सोडू नका, पोटॅशियमची तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. जुलाब-उलट्या झाल्या तर ती तात्पुरती थांबवायची का, हेही आधीच विचारून ठेवा.

चुकीच्या दारात वेळ घालवणं

मुतखडा, प्रोस्टेट आणि त्यांची ऑपरेशनं युरोलॉजिस्ट बघतात. क्रिएटिनिन वाढतंय तर नेफ्रॉलॉजिस्टच हवा. खाजगी फी परवडत नसेल तर परळचं केईएम किंवा मुंबई सेंट्रलचं नायर आहे. ओपीडीचा दिवस विचारून सकाळी लवकर केसपेपर काढा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्याच सोबत घ्या. ‘ती पांढरी छोटी गोळी’ म्हटल्यावर डॉक्टर तरी काय ओळखणार?

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, पिंढऱ्या दुखू लागल्या आणि लघवी कमी झाली, तर ओपीडीची वाट पाहू नका. लेप्टो, म्हणजे अशा घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग, असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

डायलिसिसचं नाव काढलं की पळणं

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडण्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी तो करून घ्या म्हटलं म्हणजे उद्यापासून डायलिसिस, असं नाही. हातातली ती शीर तयार व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. टाळत राहिलं की ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो. ज्या हातावर फिस्टुला व्हायचा आहे, बहुधा डावा, त्या हाताचं रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. लॅबवाला सुई घेऊन आला की दुसरा हात पुढे करा.