जुनी आउटबोर्ड मोटर लोड घेत नाही? आधी हे बघा, मग कार्बोरेटर खोला

बेळगाव जिल्ह्यात हिडकल जलाशयावर नाहीतर खाली कृष्णेला मांजरी, उगारकडं होडी चालवणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे, जुनी आउटबोर्ड, म्हंजे होडीच्या मागं बाहेरनं लावायची मोटर घेतली, न्यूट्रलमध्ये झकास वाजते, पण चारजण बसले आणि थ्रॉटल दिला की दम सोडते. मग लगेच कार्बोरेटर खोलतात. तसं करू नका. आधी ठरवा की इंजिन ताकद देतच नाही की दिलेली ताकद पाण्यापर्यंत पोचत नाही.

थ्रॉटल दिल्यावर रेस चढते, आवाज मोठा होतोय पण होडी जागची हलत नाही, तर दोष पंख्यात. पंख्याच्या आत रबराचा बुश असतो, तो जुना झाला की लोडवर घसरतो. मधल्या बुशापासून पंख्यापर्यंत पेंटनं सरळ रेघ मारा, एक चक्कर मारून या, रेघ तुटली असेल तर बुश गेला. पंख्यात जाळ्याची दोरी किंवा केंदाळ गुंडाळलंय का तेही बघून घ्या, पण मोटर बंद करून आणि किल स्विचची (मोटर एकदम बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढूनच हात घाला.

रेसच चढत नसेल तर बहुतेक वेळा पेट्रोलच कमी पडतंय. इथं घाई करू नका. टाकीच्या टोपणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा, तो बंद राहिला तर मोटर थोडा वेळ बरी चालते आणि मग हळूहळू मरते. मग होडी फुल थ्रॉटलवर न्या, आणि दम सुटला की दुसऱ्या माणसाला पायपातला रबरी फुगा दाबायला सांगा. दाबल्यावर मोटर परत उठली म्हंजे पेट्रोल ओढण्यात गडबड आहे, एकतर फ्युएल पंपाचा पडदा कडक झालाय किंवा कनेक्टरच्या ओ-रिंगमधनं हवा शिरतेय. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या मागं, टाकीच्या बाजूला. आणि फुगा घट्ट असून पण दम नाही, तर मग कार्बोरेटरचा मेन जेट, म्हंजे पेट्रोल सोडणारं मुख्य बारीक भोक, साफ करा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, ते पाणी ओढतं, पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर पडून राहिली तर तळाला पाणी साचू शकतं. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर सगळं बदला.

प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा ओला काळा, तर ओला सिलिंडर पेटत नाही. ठिणगी टेस्टरवर बघा, उघडं पेट्रोल लांब ठेवून. ठिणगी ठीक असेल तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) लावा, दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पुढचा खर्च मोठा आहे, मोटर अजून विकत घेतली नसेल तर सोडून द्या.

थंड असताना चांगली आणि गरम झाली की ढिली, असं असेल तर मोटर थंड ठेवून मागनं पडणारी पाण्याची धार कमी झालीय का बघा. बऱ्याच मोटारी तापल्या की स्वतःच रेस कमी करतात. कृष्णेचं पुराचं पाणी गाळाचं असतं, त्यातली वाळू इम्पेलर, म्हंजे हे पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र, खाते. गोवा-मालवणकडनं आणलेली मोटर असेल तर आतल्या वाटांत मीठ धरलेलं असतं आणि थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. म्हणून जुनी मोटर घेतली की इम्पेलर न बघताच बदला. आणि कोरड्यावर मोटर चालू करू नका, इम्पेलर जळतो.

सगळं ठीक निघालं तरी समुद्रावरची मोटर हिडकलला थोडी कमी पडणारच, जलाशय समुद्रसपाटीपासून साधारण ६६० मीटरवर आहे, हवा विरळ, त्यात ६-७ टक्के ताकद जाते. एक इंच कमी पिचचा (पिच म्हंजे एका फेऱ्यात पंखा पुढं सरकायचं अंतर) पंखा लावला की १५०-२०० आरपीएम परत मिळतात आणि भरलेली होडी बरी उचलते.