कात्रीचा स्क्रू आणि माझा अंगठा

सकाळी कुकरचं झाकण लावताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची आणि मनगटावरून वर चढायची. दिवाळी नुकतीच सरली होती. तुळशीचं लग्न लागलं की आपल्या धंद्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी नवरीची हेअरस्टाइल, दुपारी स्मूदनिंग, संध्याकाळी ओळीने ब्लो ड्राय. सीझन आहे, हात दुखणारच, असं समजून मी मलम चोळायची आणि कामावर जायची. असे आठ महिने काढले. त्या आठ महिन्यांत माझं काय चुकलं ते नीट सांगते, कारण सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीपाशी केस कापणाऱ्या नव्या मुली आज तेच करताना दिसतात आणि मला बघवत नाही.

कात्री धरायची कशी हे तुम्हाला शिकवलेलं असतं. अंगठा रिंगमध्ये नखाच्या मुळापर्यंतच, अनामिका दुसऱ्या रिंगमध्ये, एक पातं स्थिर आणि अंगठ्याचं तेवढं हलतं. मीही तशीच धरत होते. माझी फसगत झाली ती धारेत.

कात्री बोथट व्हायला लागली की केस कापला न जाता दोन पात्यांमध्ये दुमडतो. हे डोळ्यांना उशिरा दिसतं, हाताला आधी कळतं. अंगठा आपोआप रिंगला बाहेर ढकलायला लागतो, बोटं आत ओढायला लागतात, म्हणजे पाती एकमेकांवर दाबली जाऊन केस तुटेल. आपल्याला पत्ताही नसतो. मग कधीतरी आपण स्क्रू आवळतो. दोन दिवस कट छान येतो, वाटतं जमलं. पण आता कात्री मिटायलाच नव्हे, उघडायलाही अंगठ्याला जोर लागतो, आणि एका हेअरकटमध्ये ती शेकडो वेळा उघडते-मिटते. दिवसाला सात-आठ कट धरा. तो सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या दोन बारीक स्नायुबंधांवर येतो. मनगटाच्या कडेला एका अरुंद म्यानातून ते जातात. ते म्यान जाड होतं आणि बंध त्यात घासायला लागतात.

मी तर त्याच्याही पुढे गेले. कंपनीकडून धार लावायला कात्री पाठवली की आठवडाभर हातात नसते, म्हणून मी ती कोपऱ्यावर सुऱ्यांना धार लावणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी त्यांचं काम मन लावून केलं. पण आपल्या कात्रीची धार बाहेरून फुगीर असते, आतली बाजू किंचित खोलगट असते. साध्या चाकावर ती सपाट होते आणि गेलेला आकार सहज परत येत नाही. माझे पन्नास रुपये वाचले आणि पुढचे चार महिने मी त्या कात्रीशी कुस्ती केली.

कात्री रोज तपासा. एक रिंग डाव्या हातात घट्ट धरायची, टोक वर. दुसरं पातं काटकोनात उघडायचं आणि सोडून द्यायचं. ते घसरत खाली यावं आणि थोडी फट ठेवून थांबावं. जागचं हललंच नाही तर स्क्रू घट्ट आहे, धाडकन मिटलं तर सैल आहे. धारेसाठी टिश्यू पेपर ओला करून कापून बघा. सरळ कापला गेला तर ठीक, पात्यात दुमडला तर त्या कात्रीने त्या दिवशी कुणाचे केस कापू नका. रात्री पाती पुसून स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब. दुसरी कात्री घेणं जड जातं, मला माहीत आहे, माझा अर्ध्याहून जास्त पगार गेला होता. तरीही घ्या. एक धारेला गेली की दुसरी हातात हवी.

दुसरी चूक पट्ट्याची. मेडिकलमधून मी मनगटाचा पट्टा आणला आणि तो घालून काम करत राहिले. त्यात मनगट आवळलं जातं, अंगठा मोकळाच राहतो. म्हणजे जो दुखावला होता तो दिवसभर राबतच होता. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला सांगून मनगट करंगळीकडे वाकवलं तेव्हा मी ओरडलेच. या दुखण्याचं नाव डी कर्व्हेन, असं ते म्हणाले. याच नावाच्या स्विस सर्जननी 1895 मध्ये हा आजार लिहून ठेवला होता. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांनाही तो होतो. मला अंगठ्यासकट धरणारा पट्टा सहा आठवडे, मग एक इंजेक्शन, आणि त्या काळात कात्री बंद.

बोटांना मुंग्या येणं, बधिर होणं, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटणं, हे वेगळं दुखणं आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. तिथे मनगटातल्या बोगद्यात नस दबलेली असते. ब्लो ड्राय करताना मनगट वाकवून राउंड ब्रश फिरवला की त्या नसेवर दाब वाढतो, म्हणून ब्रश बोटांत फिरवा आणि मनगट सरळ ठेवा. डायबेटिस किंवा थायरॉइड असेल तर हे लवकर होतं, ते डॉक्टरांना आधीच सांगा. मोबाइलवर वाचून स्वतःच ठरवू नका, मी तेच करून तीन महिने घालवले.

खुर्चीचं थोडक्यात सांगते. पेडल मारून क्लायंट वरखाली करा, आपला खांदा नको. कोपर खांद्याच्या रेषेत गेलं की समजा खुर्ची उंच आहे. मानेजवळचे केस कापायला स्टुलावर बसा. "मॅडम, जरा मान खाली" म्हणायला लाजू नका, कुणीही रागावत नाही. विंचरताना अंगठा रिंगमधून काढून कात्री मिटवून तळहातात घ्या. तेवढ्या तीन-चार सेकंदांची सुट्टी अंगठ्याला दिवसातून शेकडो वेळा मिळते.

मी जिच्या हाताखाली शिकले ती ताई म्हणायची, हात दुखतो म्हणजे हात बसतोय. तिने मला मनापासून शिकवलं, आजही तिला मानते. पण हे वाक्य मला फार महागात पडलं. हात भरून येतो तो रात्रीच्या झोपेनंतर उतरतो. सकाळी उठल्यावर तिथेच, त्याच बोटभर जागेत दुखत असेल तर ते हात बसणं नव्हे. जो शिकवणारा स्वतःच्या हाताबद्दल कधीच बोलत नाही, त्याच्याकडून कट शिका, सहन करणं शिकू नका. आणि पंधरा दिवसांत स्टायलिस्ट करणाऱ्या कोर्सवर पैसे घालू नका. वेग तिथे दाखवतात, हात कसा टिकवायचा ते दाखवायला वेळच नसतो.

घाबरू नका. माझा अंगठा आता चांगला आहे. थंडीत पहिल्या कटला थोडा जड वाटतो, मग मी गरम पाण्यात पाच मिनिटं धरते. वेळेत थांबलेल्या बऱ्याच जणी बिनऑपरेशनच्या बऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. पण थांबायला लागतंच.

थांबायचं तर पगाराचं काय, हा प्रश्न मलाही रात्रभर जागवायचा. तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो का ते आजच स्लिपवर बघा. कापला जात असेल आणि सहा महिन्यांच्या कालावधीत 78 दिवसांचं अंशदान भरलेलं असेल, तर ईएसआयच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. मला हे बिनपगारी रजा संपल्यावर कळलं. तेव्हा मी ज्या सलूनमध्ये होते तिथे कुणीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा कात्री पर्समध्ये घेऊन जा. नुसतं "मनगट दुखतं" म्हणाल तर ते मनगटच बघतील. मी दोन ठिकाणी तेच म्हणून परत आले होते. तिसऱ्या ठिकाणी मी कात्री काढली आणि त्यांच्यासमोर हवेतच दहा वेळा चालवून दाखवली. ते माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "ही कात्री इतकी घट्ट का आहे?"