रावेरहून अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात: अर्ज कसा भरायचा

केळी लावताना आपण आधी कापणीचा महिना धरतो आणि मागे मोजत लागवडीला येतो. पोरीचा अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजचा, अर्ज भरताना मी नेमकं हेच विसरले. कॉलेजच्या माहितीत ‘रोलिंग ॲडमिशन’ लिहिलेलं, म्हणजे अर्ज येतील तसे तपासणार. आम्ही निवांत! पण ती मोकळीक मुख्यतः तिथल्या पोरांना. परदेशी विद्यार्थ्यांचा अर्ज बहुधा वेगळा असतो आणि त्याला बऱ्याच ठिकाणी शेवटची तारीखही असते. ती आधी शोधा.

वर्ग ऑगस्टात धरले, तर त्याआधी व्हिसाची मुलाखत, त्याआधी कॉलेजचं आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद), त्याआधी प्रवेश. मुलाखतीची तारीख आपल्या हातात नसते, म्हणून अर्ज आदल्या डिसेंबरातच पाठवा. हुकलंच, तर बहुतेक कॉलेजांत जानेवारीचंही सत्र असतं.

कागदांत दहावी-बारावीचं सोपं. नववी आणि अकरावीच्या गुणपत्रिका मागितल्या तेव्हा शाळेत तीन चकरा झाल्या. इंग्रजीत, शिक्क्यासह घ्या. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळं. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. सॅट ही तिथली प्रवेश परीक्षा बहुधा लागत नाही, इंग्रजीची परीक्षा मात्र लागते.

आता पैसे. इथे आपण शेतकरी अडकतो. आय-ट्वेंटीसाठी पहिल्या वर्षाची फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. मी आधी सातबारा पुढे केला! जमीन त्यांच्या हिशेबात धरत नाहीत, लगेच काढता येईल अशी रक्कम हवी. मग व्यापाऱ्याकडून केळीचे पैसे एकदम खात्यात आले, नि इतकी रक्कम अचानक कुठून आली, असं कॉलेजनं विचारलं. विक्रीच्या पावत्या जपल्या होत्या म्हणून निभावलं. जमलं तर सहा महिने आधीपासून पैसे खात्यात राहू द्या. बँकेचं शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्रही चालतं.

आय-ट्वेंटी आलं की ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं शुल्क, भरायचं. व्हिसाचं शुल्क वेगळं. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या, म्हणून मुंबईत रात्रीची सोय बघून ठेवा. ‘एवढ्या लांब दोन वर्षांच्या कॉलेजात कशाला?’ हा प्रश्न येणारच. पोरीला उत्तर स्वतःचं देऊ द्या, पाठ करून घेऊ नका. आमचीनं सरळ सांगितलं: या कॉलेजात साधारण ६० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे अंक), असोसिएट म्हणजे दोन वर्षांची पदवी, मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला, फी कमी लागते. मात्र कोणतं विद्यापीठ कोणते क्रेडिट धरतं, हे विषय घेण्याआधीच विचारून घ्या.

व्हिसा मिळाला तरी आय-ट्वेंटीवरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर तिकडे उतरता येत नाही. तिकीट त्या हिशेबानं काढा. आणि वसतिगृह आहे का, हे अर्जाच्या वेळीच विचारा, बऱ्याच कॉलेजांना नसतं. आमची पोरगी खोली मिळेपर्यंत ओळखीच्यांकडे राहिली, भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी उशाशी ठेवून.