ओल्या ग्लासाला चिकटून वर येणारा कोस्टर टेबलावरच कसा ठेवावा

थंड पेयाचा ग्लास उचलावा आणि बुडाला चिकटून कोस्टरही वर यावा, ही अनेकांना किरकोळ कटकट वाटते. पण चिकटलेला कोस्टर कधी आणि कुठे सुटेल याचा नेम नसतो. अर्ध्या वाटेत सुटून तो कीबोर्डवर पडतो, शेजारच्या ग्लासावर पडतो, दगडी असेल तर पायावर पडून चांगलाच लागतो. वयस्कर माणसांना किंवा ज्यांचा हात थरथरतो त्यांना त्याचा जास्त त्रास होतो, कारण बुडाशी वजन अचानक कमी झाले की हात दचकतो आणि पेय सांडते. म्हणून हा प्रश्न मुळापासून सोडवावा असे मला वाटते. त्यासाठी बहुतेक वेळा नवा कोस्टर घ्यायचीही गरज नसते.

एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्यायला हवी. कोस्टर चिकटतो तो पाणी फार झाले म्हणून नव्हे. बूड आणि कोस्टर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ, सलग थर तयार होतो म्हणून तो चिकटतो. हा थर मोडला की काम झाले.

नेमके काय घडते

बर्फ घातलेल्या ग्लासाला घाम सुटतो, पण ते पाणी आतून झिरपत नाही, हवेतून येते. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर सुमारे २४ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरते. बर्फाच्या ग्लासाची काच याहून कितीतरी थंड असते. तापमान तेच असून आर्द्रता ४० टक्क्यांवर आली, की ही मर्यादा १५ अंशांच्या आसपास उतरते आणि घामही बराच कमी होतो. एकच ग्लास आणि एकच कोस्टर, तरी काही दिवस चिकटतो आणि काही दिवस नाही, त्याचे कारण हे.

ओघळलेले पाणी बुडाखाली शिरते. काचेवर पाणी सहज पसरते आणि कोस्टर गुळगुळीत असेल तर त्याच्यावरही पसरते. दोघांच्या बारीक फटीत अडकलेल्या पाण्याची कड आत वळते आणि पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आकसू पाहतो त्यामुळे, त्या पाण्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग बाहेरची हवा कोस्टरला ग्लासावर दाबून धरते.

हा जोर किती असतो, याचा अंदाज बांधता येतो. बूड ६ सेंटिमीटर व्यासाचे, अगदी सपाट आणि फट ०.१ मिलिमीटर असेल, तर आदर्श परिस्थितीत सुमारे ४०० ग्रॅम वजन उचलण्याइतका जोर तयार होतो. फट १ मिलिमीटर केली की तोच जोर ४० ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे फट दहापट केली की चिकटण्याचा जोर दहा पटींनी कमी होतो. मिलिमीटरभर जागेने एवढा फरक पडतो, आणि पुढचे बरेचसे उपाय याच हिशेबावर उभे आहेत.

आधी ग्लासाचे बूड पाहा

रिकामा ग्लास उलटा करून बघा. बूड पूर्ण सपाट असेल तर चिकटण्याची शक्यता सर्वांत जास्त. बऱ्याच ग्लासांचे बूड मध्ये खोलगट असते आणि फक्त कडेची गोल पट्टी टेकते. ही पट्टी ३ मिलिमीटर रुंद धरली, तर वरच्याच हिशेबाने जोर ८० ग्रॅमच्या आसपास येतो. ८ मिलिमीटर जाडीचा, १० सेंटिमीटर व्यासाचा दगडी कोस्टर साधारण १५० ग्रॅमचा असतो, तो खालीच राहील. त्याच आकाराचा ४ मिलिमीटर जाडीचा बुचाचा कोस्टर मात्र ६-७ ग्रॅमचाच असल्याने सहज वर येईल.

खोलगट बुडाची एक वेगळी अडचण आहे. कडेची ओली पट्टी आतली हवा कोंडून ठेवते. त्यामुळे ग्लास सरळ वर ओढला की आत हवा शिरायला वाट मिळत नाही आणि थोडी निर्वात ओढ तयार होते. काही ग्लासांच्या आणि कपांच्या या कडेला बारीक खाचा ठेवलेल्या असतात. नवे ग्लास घ्यायचेच असतील तर बुडाला खाचा असलेले निवडा.

पाहुणे समोर बसले असताना: मीठ

हा सर्वांत झटपट उपाय आहे आणि तो खरोखर चालतो. कोरड्या कोस्टरवर चिमूटभर मीठ पसरवा आणि त्यावर ग्लास ठेवा. मिठाचे कण ग्लासाला किंचित वर धरतात, त्यामुळे फट वाढते आणि सलग थर धरत नाही. मीठ पाणी शोषून घेते म्हणून हा उपाय चालतो, असे सांगितले जाते. पण मुख्य काम कणांच्या जाडीचे आहे. म्हणूनच जाडे मीठ बारीक मिठापेक्षा जास्त वेळ टिकते.

त्याला मर्यादाही आहे. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. म्हणजे अर्ध्या ग्रॅमची चिमूट दीड मिलिलिटर पाण्यातच संपते, आणि दमट हवेत मोठा ग्लास याहून कितीतरी जास्त पाणी गाळतो. ग्लास पुन्हा भरताना कोस्टर पुसून नवे मीठ टाकावे लागते. धातूच्या कोस्टरवर हा उपाय करू नका, खारे पाणी धातू गंजवते. पॉलिश केलेल्या लाकडावर आणि संगमरवरावरही टाळा. कण घासले की लाकडाच्या पॉलिशवर चरे पडू शकतात आणि मिठाचे पाणी वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

गुळगुळीत कोस्टरला कायमचे सुधारा

काच, ॲक्रिलिक, लॅमिनेट, चकचकीत टाइल, लाखेचा लेप दिलेले चित्रांचे कोस्टर, हे सगळे पाणी अजिबात पीत नाहीत. चिकटण्याच्या बाबतीत यांच्याइतके वाईट काही नाही. पण ते बहुधा भेट म्हणून आलेले असतात, दिसायला सुंदर असतात आणि टाकून द्यायला जीव होत नाही. त्यांच्यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो तीन ठिपक्यांचा उपाय.

कपाटाची दारे आपटू नयेत म्हणून लावतात ते पारदर्शक, मागे गोंद असलेले छोटे बंपर घ्या. उंची १ ते २ मिलिमीटर पुरे. त्याहून उंच घेतले तर ग्लास डुगडुगतो. ठिपके शक्यतो कडक निवडा. मऊ सिलिकॉनचे गुळगुळीत ठिपके ओल्या काचेला स्वतःच धरतात.

आता जागा ठरवायची. तुमचा सर्वांत अरुंद बुडाचा ग्लास कोस्टरच्या मधोमध ठेवा आणि कडेने पेन्सिलीने हलकी रेघ मारा. ठिपके या रेघेच्या आत, पण तिच्या जितके जवळ लावता येतील तितके जवळ हवेत. रेघेबाहेर गेले तर ग्लास तिरका बसेल. फार आत आले तर उंच ग्लास जरा धक्का लागताच कलंडेल. तिन्ही ठिपके सारख्या अंतरावर लावा. चार का नाहीत? कारण चारांपैकी एक जरी थोडा उंच निघाला तरी ग्लास हलतो, तर तीन ठिपक्यांवर तो नेहमीच पक्का बसतो. लावण्याआधी कोस्टर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा आणि स्पिरिटने जागा पुसा. लाखेवर स्पिरिट लावू नका, लेप विरघळू शकतो. तिथे कोरडे फडके बस होते. ठिपके बसल्यावर एक दिवस ओले होऊ देऊ नका, म्हणजे गोंद धरतो.

या उपायाने पाणी नाहीसे होत नाही, ते कोस्टरवर साचते. कोस्टरला उठावदार काठ असेल तर उत्तम. नसेल तर मधूनमधून पुसत राहावे लागेल, नाहीतर ओघळ टेबलावर येईल.

ठिपके नको असतील तर कोस्टरच्या आकाराचे सुती धाग्याचे विणलेले आवरण घाला. जाळीदार वीण फटही ठेवते आणि पाणीही पिते. आवरण धुता येते हा आणखी एक फायदा. नुसता कागदी रुमाल ठेवणे मात्र व्यर्थ आहे. तो भिजला की लगद्यासारखा होऊन बुडालाच चिकटतो.

लाकडी कोस्टरला मेण चोळा. मेणावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहते, त्यामुळे चिकटण्याचा जोर निम्म्याहूनही कमी होतो. पातळ थर लावून कोरड्या कापडाने घासा आणि तो झिजला की पुन्हा लावा.

शोषणारा कोस्टर घ्यायचा असेल तर

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत फ्रिडरिश हॉर्न यांच्या छापखान्याने १८८० मध्ये बीअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या काढल्या आणि १८९२ मध्ये ड्रेस्डेनच्या रॉबर्ट स्पुट यांनी लाकडाच्या लगद्यापासून जाड, सच्छिद्र चकती बनवली. पाणी पोटात घेणारा आणि भिजल्यावर फेकून देता येणारा कोस्टर तिथून रुळला.

आज घरी वापरायला बिनझिलईची भाजलेली माती, वाळूचा दगड, जाड फेल्ट (लोकर दाबून केलेले कापड) आणि सुती विणकाम हे चांगले पर्याय आहेत. भाजलेल्या मातीत तिच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत पाणी मुरू शकते. म्हणजे १०० ग्रॅमच्या चकतीत साधारण १० मिलिलिटर. खरेदी करताना पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो काही सेकंदांत मुरला तर कोस्टर घ्यावा. थेंब तसाच चमकत राहिला तर वर पारदर्शक लेप आहे आणि तो कोस्टर चिकटणारच, विकणारा त्याला काहीही म्हणो.

बुचाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. बुचाच्या पेशी बंद असतात, म्हणून तर त्याची बाटलीला बुचे करतात. पाणी पिणे हा त्याचा गुणच नाही. बुचाचा थर कोस्टरच्या खालच्या बाजूला असावा, टेबल खरवडले जात नाही. वरच्या बाजूला त्याचा फारसा उपयोग नाही.

डायटोमाइटचे, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनलेल्या सच्छिद्र मातीचे, कोस्टर थेंब झटकन ओढून घेतात. मात्र काही महिन्यांनी पेयातली साखर आणि हाताचे तेल छिद्रे बुजवते. पॉलिश पेपरने घासा असा सल्ला त्यासाठी दिला जातो. कोरडे घासू नका, ती धूळ फुफ्फुसांना वाईट. २०२० च्या अखेरीस जपानमध्ये अशा काही मॅट आणि कोस्टरमध्ये ॲस्बेस्टॉस सापडल्याने ते परत मागवावे लागले होते. कुठून आला हे ठाऊक नसलेला जुना कोस्टर घासण्यापेक्षा टाकलेला बरा.

घामच कमी करा

याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण फायदा दुहेरी आहे. हवेतली वाफ दवात बदलताना उष्णता सोडते. काचेवर जमलेल्या प्रत्येक ग्रॅम दवामागे पेयाला मिळणारी उष्णता सुमारे ७ ग्रॅम बर्फ वितळवायला पुरते. म्हणजे ग्लासाला घाम कमी सुटला की कोस्टर कोरडा राहतो आणि पेयही जास्त वेळ थंड राहते.

दुहेरी भिंतीचा ग्लास हे काम उत्तम करतो. तो नसेल तर ग्लासाभोवती विणलेली किंवा फेल्टची बाही घाला. बाही बुडापर्यंत आलेली असावी, वर अर्ध्यातच संपली तर खालच्या काचेला घाम सुटतच राहतो. आणि ग्लास धुतल्यावर बूड पुसल्याशिवाय त्यात पेय ओतू नका. खोलगट बुडात अडकलेले धुण्याचे पाणी पहिल्याच मिनिटाला कोस्टर चिकटवते.

तरीही चिकटलाच तर

सरळ वर ओढू नका. ग्लास किंचित तिरका करा किंवा थोडा फिरवा. एका कडेने हवा शिरली की थर फाटतो आणि कोस्टर जागच्या जागी सुटतो. ज्यांना दोन्ही हात मोकळे असतील त्यांनी दुसऱ्या हाताचे बोट कोस्टरच्या कडेवर टेकवावे.

सरबतासारखे गोड पेय सांडून वाळले असेल तर पृष्ठताणाचा संबंध उरत नाही. तो साखरेचा डिंक असतो. कोमट पाण्यात दोन-चार मिनिटे ठेवले की तो विरघळतो.

गरम कपाचे कारण थोडे वेगळे आहे. खोलगट बुडाखालची हवा तापून प्रसरते, थोडी बाहेर निसटते, आणि ओल्या कडेने तोंड बंद झाल्यावर उरलेली हवा थंड होताना आकसते. मग कप कोस्टरला ओढून धरतो. कपाचे बूड पुसून ठेवणे आणि खडबडीत किंवा खाचांचा कोस्टर वापरणे, एवढ्याने भागते.

शोषणारे कोस्टर वापरून झाल्यावर एकावर एक रचू नका. ओले रचले की आतले वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो, आणि दुसऱ्या दिवशी आधीच भरलेल्या कोस्टरमध्ये पाणी मुरायला जागा नसते. ते कडेवर उभे करून, दोन्ही बाजूंना हवा लागेल असे रात्रभर ठेवा.