जुन्या डोंगरी जंगलातील निसर्गपर्यटन : या चुका टाळा

पहिली चूक बहुधा सद्‌हेतूनेच होते. एका वाटेवर गर्दी नको म्हणून पर्यटकांना अनेक वाटांनी पांगवले जाते. प्रत्यक्षात न तुडवलेल्या जमिनीची सर्वाधिक हानी सुरुवातीच्या थोड्या वर्दळीतच होते. पुढे माणसे वाढली तरी हानी त्याच प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे दहा कच्च्या वाटांपेक्षा उताराला आडवी आखलेली एकच पक्की वाट बरी. वाट सरळ चढाला लावली, तर पावसाचे पाणी तिच्यातूनच वाहते, घळ पडते आणि लोक तिच्या कडेने चालू लागल्याने ती रुंदावत जाते. अशा वाटेची डागडुजी करत बसू नये. ती बंद करून नवी आखावी. जुन्या वृक्षांची बारीक मुळे मातीच्या वरच्या थरात असतात, म्हणून वाट बुंध्यापासून दूरच हवी. जपानमधील याकुशिमा बेटावरचा जोमोन सुगी हा प्राचीन वृक्ष मुळे तुडवली जाऊ नयेत म्हणून आता लाकडी मंचावरूनच पाहावा लागतो.

बुटांना चिकटलेल्या मातीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. न्यूझीलंडमधील कौरी वृक्षांचा मररोग अशाच मातीतून पसरतो. तेथील वायटाकेरे डोंगररांगांतील जंगलावर ‘ते कावेराऊ आ माकी’ या मूळनिवासी माओरी समाजाने डिसेंबर २०१७ मध्ये ‘राहुई’, म्हणजे प्रवेशबंदी, जाहीर केली. नगरपरिषदेने मोठ्या प्रमाणावर वाटा बंद केल्या त्या त्यानंतर, २०१८ मध्ये. स्थानिकांना केवळ वाटाडे म्हणून नेमणे म्हणजे सहभाग नव्हे. जंगल कधी बंद ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे लेखी स्वरूपात आणि वाट आखण्यापूर्वीच असावा.

पैशाच्या वाटणीत सर्वांत जास्त घोळ होतो. रवांडात राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नाचा ५ टक्के वाटा २००५ पासून परिसरातील लोकांसाठी राखला गेला आणि २०१७ मध्ये तो १० टक्के झाला. परंतु टक्केवारी ठरली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. वन्यप्राण्यांकडून पिकांचे नुकसान जंगलाला लागून राहणारी कुटुंबे सोसतात, तर होमस्टेचे उत्पन्न रस्त्यालगत जास्तीची खोली असणाऱ्यांना मिळते. पर्यटक वाढूनही जंगलात शिकारीचे फासे पुन्हा दिसू लागले, तर गस्त वाढवण्याआधी ही वाटणी तपासावी. वाटाड्यांना आणि घरांना पाळीपाळीने काम द्यावे व सामायिक निधीतून पीकभरपाईला अग्रक्रम द्यावा.

शेती व वनोपज सोडून केवळ पर्यटनावर विसंबणेही धोक्याचे आहे. २०२० मध्ये प्रवास थांबताच अशा गावांचे उत्पन्नच थांबले.