जुनी सात-सीटर घेताय? आधी सीटबेल्ट ओढा

ठाण्यात जुनी सात-सीटर बघत असाल, तर माझं मत पेट्रोल एर्टिगाकडे झुकतं. पार्ट कुठेही मिळतात, आणि नाक्यावरच्या मेकॅनिकचाही तिच्यावर हात बसलेला असतो. इनोव्हा दणकट खरी, पण तिचे पार्ट महाग.

आपल्याकडे खरी भीती पावसाच्या पाण्याची. मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग स्वच्छ आणि आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातकट डाग दिसला, तर गाडी पाण्यात उभी होती असं समजा. कार्पेट उचलून वास घ्या, सीटखालचे बोल्ट गंजलेत का पाहा. पाणी वायरिंगमध्ये शिरलं की दुरुस्ती संपतच नाही. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडा.

ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. घरची माणसं बसवून, एसी लावून घोडबंदर रोडने गायमुखचा चढ चढवा. इंजिनचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपत आली.

सीएनजी असेल तर टाकीच्या हायड्रो टेस्टची (टाकी दाब सोसते का याच्या तपासणीची) तारीख बघा, ती दर 3 वर्षांनी लागते. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका.