दहा दिवसांचं कुमाऊँ: तलाव, बिनसर आणि कॉर्बेट मुंबईहून कसं जमवायचं

दिवाळीच्या सुट्टीत हिमालय म्हटलं की कागदावर नैनिताल, मसुरी, हरिद्वार, औली आणि 'जमलं तर केदारनाथ' अशी यादी उतरते. केदारनाथचं देऊळ तर भाऊबीजेलाच बंद होतं. बाकीची ठिकाणं नकाशावर वीतभर अंतरात दिसतात, पण पहाडात किलोमीटर मोजून काही कळत नाही, तास मोजावे लागतात. वळणावळणाच्या रस्त्यावर तासाला २०–२५ किलोमीटर धरा. एक्सप्रेस वेचा हिशेब लोणावळ्यालाच सोडून या.

म्हणून एकच भाग धरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी कुमाऊँ, म्हणजे उत्तराखंडाचा पूर्वेकडचा पहाड, सोयीचं. तीन मुक्काम, प्रत्येकी दोन रात्री: तलावाकाठी, बिनसरला आणि कॉर्बेटच्या जंगलासाठी रामनगरला. यातलं झोपायचं एकही ठिकाण २,४०० मीटरच्या फारसं वर नाही, त्यामुळे समुद्रसपाटीवरून थेट गेलेल्या आजी-आजोबांनाही विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. पँगाँग, चंद्रताल किंवा गुरुडोंगमारचे फोटो बघून मन तिकडे धावत असेल, तर ते तलाव ४,२०० मीटरच्या वर आहेत. तिथे ३,००० मीटरनंतर झोपायची उंची रात्रीला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि लेहला विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस नुसते पडून काढायचे. आठवड्याच्या रजेत हे गणित बसत नाही.

हंगाम आधी ठरवा. बर्फाची शिखरं बघायची असतील तर मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर. पावसानं हवा धुतलेली असते आणि रस्ते पुन्हा मार्गी लागलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये बुरांशची लाल फुलं मिळतात, पण हवा धूसर व्हायला लागते. मे-जूनमध्ये गर्दी, धूर आणि वणवे. २०२४ च्या जूनमध्ये बिनसरच्या वणव्यात वनखात्याची माणसं दगावली. जुलै ते सप्टेंबर दरडींचे महिने, तेव्हा जाऊच नका. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावर लख्ख ऊन पडतं, पण खाली मैदानात धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास रखडतात.

आरक्षणाचा क्रम महत्त्वाचा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, कॉर्बेटच्या सफारीचं त्यानंतर, साधारण दीड महिना आधी. म्हणून तिकिटं आधी काढा, सफारीची तारीख सहलीच्या शेवटाकडे आणि शक्यतो मंगळवार ते गुरुवार ठेवा, आणि हॉटेलं सगळ्यात शेवटी. उलट क्रमानं गेलात तर हॉटेलचे पैसे भरलेले आणि सफारी 'फुल' अशी गत होते.

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळची राजधानी धरली की सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्ली. पहाडाच्या पायथ्याचं शेवटचं स्टेशन काठगोदाम, तिथली शताब्दी तोवर सुटलेली असते, ती पकडण्याच्या नादी लागू नका. सामान क्लोकरूममध्ये टाका (बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत), दिवस दिल्लीत काढा आणि रात्री दहाच्या सुमाराची रानीखेत एक्सप्रेस घ्या. ती जुन्या दिल्ली स्टेशनवरून सुटते, नवी दिल्लीवरून नाही. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर नवी दिल्लीहून दोनच स्टेशनं पुढे चांदनी चौकला उतरायचं, पण सामान आणि गर्दी धरून तासभर हाताशी ठेवा. दिल्लीपर्यंत विमान घेतलं तर जातायेता दोन दिवस वाचतात.

गाडी पहाटे पाचला काठगोदामला टेकते. हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळते. मधले सहा-सात तास लॉबीत पेंगत बसायचे नसतील, तर लवकर खोली मिळेल का हे आरक्षणाच्या वेळीच विचारून ठेवा. आणि स्टेशनाबाहेर चहाबरोबर गरम पकोड्यांवर ताव मारू नका, कारण पुढचा रस्ता पोट ढवळणारा आहे. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची. पहिलं वळण आल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते.

मुक्काम नैनितालला करायचा की भीमतालला? आमचं मत सरळ आहे: राहायचं भीमतालला किंवा त्याच्या पुढे चारेक किलोमीटरवर नौकुचियातालला, आणि नैनिताल एका दिवसात बघून यायचं. नैनिताल १,९०० मीटरवर, डोंगरांच्या वाटीत कोंबलेलं गाव. रविवारी आणि सुट्टीत पार्किंग भरलं की पोलीस गाड्या खालीच अडवतात आणि शटलनं वर पाठवतात. सकाळी आठच्या आत पोचा. तलावाच्या एका टोकाच्या तल्लीतालहून दुसऱ्या टोकाच्या मल्लीतालपर्यंत मॉल रोडनं चालत जा, नैना देवीचं दर्शन घ्या, चप्पूची, म्हणजे वल्ह्याची, बोट वारा सुटायच्या आत करा, आणि दुपारी जेवून परत फिरा. भीमताल पसरट आणि मोकळा आहे. नौकुचियाताल या भागातला सर्वांत खोल तलाव, कडेनं बांजची, म्हणजे पहाडी ओकची, झाडी. दुसरी सकाळ जवळच्या साततालच्या तलावांनाच द्या. तिथे बोटीपेक्षा पक्षी बघावेत, त्यासाठी सूर्य वर यायच्या आत पोचायला हवं, दुर्बीण असेल तर बरोबर ठेवावी. नऊनंतर पर्यटकांच्या गाड्यांतली गाणी सुरू होतात.

दुसऱ्या मुक्कामाला बिनसर. अंतर शंभरेक किलोमीटर, वेळ साडेचार-पाच तास. भवालीच्या पुढे नीम करोली बाबांचा आश्रम, कैंची धाम, लागतं, तिथे शनिवार-रविवारी मैलभर कोंडी असते. एक तर सकाळी साडेसहाला निघून ते पार करा किंवा रामगढकडून वळसा घाला. अल्मोड्याच्या अलीकडे क्वारबला दरडी कोसळतात, तेव्हा निघायच्या सकाळी ड्रायव्हरला 'क्वारब खुला है?' एवढं विचारा. त्याच्याकडे गुगलपेक्षा ताजी खबर असते. अल्मोड्यात बालमिठाई घ्या: खवा तपकिरी होईपर्यंत भाजून वरून साखरेच्या पांढऱ्या गोळ्या लावलेली. पैसेही इथेच काढा, कारण पुढे एटीएम आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा नाही.

बिनसर १९८८ पासून अभयारण्य आहे. आयारपाणीच्या फाटकावर माणशी आणि गाडीची पावती फाडावी लागते. आत कुमाऊँ मंडल विकास निगमचं विश्रामगृह आहे. वीज मोजकेच तास, म्हणून फोन आणि कॅमेरा खालीच पूर्ण चार्ज करून जा, आणि प्रत्येकाकडे टॉर्च हवा. अंधार पडायच्या आत पोचायचंच, हा बिबट्याचा मुलूख आहे. विश्रामगृहापासून झीरो पॉइंट, म्हणजे माथ्यावरची शिखरं बघायची जागा, दोनेक किलोमीटर, बांज-बुरांशच्या सावलीतून सोपी चढण. पण शिखरांची वेळ पहाटेची. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी गच्चीवर उभं राहिलं की आधी नंदादेवीच्या, म्हणजे ७,८१६ मीटरच्या, टोकाला गुलाबी रंग चढतो, मग त्रिशूलचे तीन सुळे उजळतात. नऊ-दहाला ढग चढतात आणि पडदा पडतो. दोन रात्री ठेवायचं कारण हेच, एखादी सकाळ वाया गेली तर दुसरी हाताशी असते.

कुठल्याही पहाडी हॉटेलात 'व्ह्यू रूम' घेताना एकच प्रश्न विचारा, खिडकी उत्तरेकडे आहे का? हिमशिखरांची रांग उत्तरेला असते. दक्षिणेकडच्या खिडकीतून दरी आणि शेजारच्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसते.

कपडे: नोव्हेंबरात बिनसरला रात्री पारा एक आकडी होतो. एक जाडजूड स्वेटर घेण्यापेक्षा आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट असे तीन थर घाला, म्हणजे दुपारी उतरवता येतात. कानटोपी आणि दोन जोड लोकरी मोजे. रूम हीटरचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लावतात.

बिनसरहून रामनगर रानीखेत–मोहानमार्गे उतरायला सहा-सात तास. कॉर्बेट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९३६ ची, आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प इथूनच सुरू झाला. पण 'कॉर्बेट सफारी' ही एक वस्तू नाही, विभाग निवडावा लागतो. ढिकाला १५ नोव्हेंबरला उघडतं, म्हणजे दिवाळी लवकर असेल तर ते मिळणार नाही. शिवाय तिथे जिप्सी (उघडी जीप) फक्त आत मुक्काम करणाऱ्यांना, एका दिवसासाठी जाणाऱ्यांना कँटर (मोठी उघडी बस). बिजरानी मध्य ऑक्टोबरपासून खुलं आणि फाटक रामनगरच्या अगदी जवळ, पहिल्या सफारीला हेच घ्या. झिरना आणि ढेला वर्षभर चालू असतात. आरक्षण सरकारी संकेतस्थळावरच करा. 'कॉर्बेटमध्ये रिसॉर्ट आणि सफारी' अशा पॅकेजात विभागाचं नाव लिहिलेलं नसेल, तर बहुतेक वेळा बाहेरच्या जंगलात फिरवून आणतात. परवान्यावर जे ओळखपत्र नोंदवलं तेच मूळ प्रत घेऊन जा, फोनमधला फोटो फाटकावर चालेलच असं नाही. जिप्सीत सहा जण बसतात, कुटुंब चौघांचं असेल तर मागे ऐसपैस जागा राहते. सकाळची सफारी निवडली तर उघड्या गाडीत पहिला तासभर दात वाजतात, हॉटेलातून ब्लँकेट मागून घ्या. अत्तर, भडक लाल-पिवळे कपडे नकोत. ड्रायव्हर इंजिन बंद करून कान देतो तेव्हा तो भेकराचा किंवा वानरांचा इशारा ऐकत असतो. त्या दोन मिनिटांत वेफर्सचं पाकीट फोडू नका.

परतीला रामनगरहून दिल्लीची रात्रीची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर टॅक्सीनं सहा-सात तास. मुंबईची गाडी त्याच दिवशी संध्याकाळची असेल तर पहाटे पाचला निघा, कारण मुरादाबाद आणि दिल्लीच्या वेशीवरची कोंडी कुणाला चुकलेली नाही.